पाठीवरच्या ढालीचं वजन

मी व्हिडिओ गेमसाठी गोष्टी लिहिते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पिकलेल्या केसांकडे बघतो आणि मग विचारतो, "त्यात गोष्ट असते?" असते. निदान माझ्या मते असते. बडोद्यात, अलकापुरीला, एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस आहे, खाली दातांचा दवाखाना, शेजारी व्हिसा काढून देणारे. तिथे बसून आम्ही सहा जण तीन वर्षं एकच खेळ बनवत होतो. ॲक्शन रोल-प्लेइंग म्हणतात त्या जातीचा. म्हणजे एक पात्र तुमच्या हातात द्यायचं, ते तुम्ही चालवायचं, पळवायचं, लढवायचं, आणि लढता लढता ते अंगानं नि मनानं मोठं होत जायचं. मनाचं खातं माझ्याकडे होतं. अंगाचं खातं, म्हणजे पात्र कसं चालतं, कसं वळतं, बटण दाबल्यावर किती पटकन हलतं ते सगळं, जवळच्या पादरा गावाहून रोज स्कूटरवर येणाऱ्या एका गुजराती मुलीकडे होतं. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, आणि दिवसाला दहा वाक्यं बोलली तर पुष्कळ.

आमची नायिका शिपाई होती. लढाई संपलेली, तिचा सोबती मेलेला, आणि त्याची भली मोठी ढाल पाठीवर बांधून ती त्याच्या गावी, त्याच्या आईकडे निघालेली. वाटेत दरोडेखोर, लांडगे, मोडके पूल. खेळाच्या सुरुवातीला मी एक प्रसंग लिहिला होता, नऊ मिनिटांचा. सोबती मरताना काय म्हणाला, ती काय म्हणाली, ढाल कशी हातात आली, त्याच्या आईला काय सांगायचं ठरलं, सगळं त्यात होतं. मी आजवर जे लिहिलं त्यात ते सगळ्यात चांगलं होतं, हे विनय बाजूला ठेवून सांगते. आणि तो प्रसंग ठेवायचा की कापायचा यावरून ऑफिसात महिनाभर कटकट चालू होती.

कारण उघड होतं. खेळून बघायला आम्ही ज्यांना बोलवत होतो ती माणसं प्रसंग सुरू झाला रे झाला की तो पुढे ढकलायचं बटण शोधायची. एकानं तर माझा सोबती शेवटचा श्वास घेत असताना मोबाइल काढून जेवण मागवलं. मी मागे उभी राहून हे बघत होते, माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

"बेन, एमने रमवुं छे," पादऱ्याची मुलगी शांतपणे म्हणाली. त्यांना खेळायचंय. एवढंच.

"गोष्टीशिवाय चालायचं असेल तर कमाटीबागेत जा म्हणावं, फुकट आहे," मी म्हणाले. ती हसली आणि परत स्क्रीनकडे वळली. त्या दिवसांत ती एकाच गोष्टीवर बसली होती: नायिका पळत असताना खेळणाऱ्यानं कंट्रोलरची स्टिक सोडून दिली तर ती थांबते कशी. त्यावर तिने चार आठवडे घालवले होते. चार आठवड्यांत मी अख्खं युद्ध लिहून संपवते. मला ते कौतुकाचं नव्हे, आळसाचं लक्षण वाटत होतं, हे आता लिहिताना लाज वाटते.

नऊ मिनिटांवर माझा एवढा जीव का होता, ते ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. ती गोष्ट माझ्या बाबांची होती.

बाबा खानदेशातून रेल्वेच्या नोकरीसाठी बडोद्याला आले आणि जन्मभर मालगाडी चालवली. त्या काळी ड्रायव्हर नि असिस्टंट यांची आपापली पत्र्याची पेटी असे, तिच्यात कपडे, भांडी, कंदील, नियमांची पुस्तकं. मी पाच वर्षांची असताना बाबांचा असिस्टंट दूरच्या एका स्टेशनवर तापानं गेला. त्याची पेटी बाबांनी त्याच्या गावी नेऊन दिली, दोन गाड्या बदलून आणि पुढे बरंच पायी. त्याच्या घरी आई एकटीच होती. हे मला माझ्या आईनं सांगितलं, ती असताना. बाबा तिसऱ्या दिवशी परत आले, आंघोळ केली आणि ड्यूटीवर गेले, म्हणाली. त्या दारात काय झालं ते तिलाही कधी कळलं नाही. विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. आम्ही एकमेकांना जेवलास का, औषध घेतलं का एवढंच विचारतो, आणि तेवढ्यावर आमचं चालतं.

म्हणून मी ते रचलं. पेटीची ढाल केली, पुरुषाची बाई केली, आणि बाबांनी जे कधीच सांगितलं नाही ते नऊ मिनिटांत स्वतःलाच सांगितलं. प्रसंग कापला गेला असता तर खेळाला काही झालं नसतं. मला मात्र माझ्या बापाबद्दल जे थोडंफार कळलंय असं वाटत होतं तेच पुसल्यासारखं झालं असतं. आणि बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

शेवटी मला एक युक्ती सुचली. चौऱ्याहत्तर वर्षांचा, कधी गेमला हात न लावलेला माणूस तरी नीट बसून ऐकेल. खेळून बघायला बाबांनाच बसवायचं. एका रविवारी सकाळी वासण्याच्या आमच्या फ्लॅटवर मी सगळं सामान टीव्हीला जोडलं, फाफड्याची बशी बाजूला सारली आणि कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. डाव्या अंगठ्यानं चालवायचं, उजव्यानं बघायचं, हे मी सांगताच मान डोलावली. "इंजिनातही दोन्ही हातांना वेगळी कामं असतात," म्हणाले.

प्रसंग सुरू झाला. सोबती जमिनीवर पडलेला, नायिका त्याच्यावर वाकलेली.

"हे बटण कशाचं?" बाबांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दाबलं. नऊ मिनिटं गेली. समोर मोकळा रस्ता आला. "लाइन क्लिअर," बाबा खूश होऊन म्हणाले.

रडू आवरायला मी फाफड्याची बशी परत जवळ ओढली.

पण पुढचा अर्धा तास बघण्यासारखा होता, हेही कबूल केलं पाहिजे. मालगाडीत सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं तो मोठ्यानं म्हणायचा आणि असिस्टंटनं तोच परत म्हणायचा, म्हणजे दोघांनीही पाहिला याची खात्री, अशी रेल्वेची रीत आहे. बाबांना ती सोडवेना. "पुढे पूल, डावीकडे मोडका," ते म्हणत आणि मी तेच परत म्हणेपर्यंत नायिकेला जागची हलू देत नसत. लांडगा आला. "समोर लांडगा." मी लांडगा म्हणेपर्यंत लांडग्यानं चावा घेतलेला. तीन वेळा मेले. चौथ्यांदा त्यांनी लांडग्याला वळसा घातला, आणि मग अचानक कंट्रोलर मांडीवर ठेवून ते म्हणाले, "ही बाई रिकामी आहे."

"म्हणजे?"

"पाठीवर एवढं मोठं ओझं आहे ना हिच्या? मग अशी झटकन थांबते कशी? रिकामी गाडी अशी थांबते. भरलेली गाडी थांबवायची तर थांबायच्या आधीपासून विचार करावा लागतो. मागचं वजन पुढे ढकलत असतं तुम्हाला." त्यांनी हातानं दाखवलं, तळवा पुढे सरकत सरकत थांबला. "हिच्या पाठीवर काही नाही. नुसतं चित्र आहे."

सोमवारी हे मी ऑफिसात चेष्टेनं सांगितलं. सगळे हसले. पादऱ्याची मुलगी हसली नाही. खुर्ची माझ्याकडे फिरवून तिने विचारलं, "काकाने मळाय?" त्यांना भेटता येईल का.

ती पुढच्या रविवारी घरी आली. बाबा आणि ती दोन तास बोलले, ते आपल्या रेल्वेच्या हिंदी-गुजरातीत आणि ती आपल्या तुटक वाक्यांत. जी मुलगी माझ्याशी दिवसाला दहा वाक्यं बोलते ती विचारत होती: चढावर काय होतं? वळणावर? ओलं असेल तर? पहिल्यांदा हलवताना किती वेळ लागतो? बाबांनी जेवणाची खुर्ची ओढत आणून समजावलं, मग दोन खुर्च्या. चहा दोनदा झाला. मी मात्र माझ्याच घरात पाहुण्यासारखी बसले होते, आणि मला मत्सर वाटत होता. बाबा माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते.

त्यानंतरच्या आठवड्यात ती घरून गव्हाचं पोतं घेऊन आली. ते दोरीनं पाठीला बांधून कॉम्प्लेक्सच्या जिन्यावरून वरखाली करू लागली. दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेले लोक बाहेर येऊन बघायचे. वॉचमननं विचारलं की बेन, लिफ्ट बंद आहे का. मी मोबाइल घेऊन तिचे पाय टिपत होते, कारण तिनं मला तेच काम दिलं होतं. "थांब" म्हणाल्यावर ती पुढे किती पावलं जाते, पोतं आधी थांबतं की ती. "फरी," ती धापा टाकत म्हणायची, पुन्हा. अकराव्या फेरीला तिच्या खांद्यावर दोरीचे वळ उठले. मी बास म्हणाले. ती आणखी चार वेळा गेली. काम करणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, बोलणारी त्याहून जास्त. पण एका खोट्या बाईचं पाऊल खरं पडावं म्हणून स्वतःची पाठ सोलून घेणारी ही एकच. तिच्या चार आठवड्यांना मी आळस म्हटलं होतं.

मग तिनं जे बनवलं ते मी खेळले, आणि थक्क झाले. नायिकेचं पहिलं पाऊल जरा उशिरा पडत होतं. थांबली तरी एक पाऊल पुढे जायची, आणि मग खांदे सावरायची. चढावर वाकायची. वळायला जागा घ्यायची. लांडगा अंगावर आला तर लोळण घेता येईना. त्यासाठी ढाल आधी जमिनीवर उतरवून ठेवावी लागे. ढाल उतरवली की ती वाऱ्यासारखी पळायची, काय तो आनंद हातांना व्हायचा. आणि लढाई संपल्यावर परत मागे यावं लागे. ढाल गवतात पडलेली असायची, ती उचलायची, पुन्हा तेच जड पाऊल.

खेळून बघायला आलेली माणसं आता मोबाइल काढत नव्हती. एक कॉलेजातली मुलगी ढाल विसरून बरीच पुढे निघून गेली. ढालीशिवायही तिला पुढे जाता येत होतं, आम्ही कुठे अडवलं नव्हतं. तरी ती आठवण होताच "अरे, एनी ढाल" असं पुटपुटत सगळा रस्ता परत आली. त्याची ढाल. त्याचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं. नाव माझ्या नऊ मिनिटांत होतं, आणि जमिनीवर पडलेला तो दिसताच तिनं ती पुढे ढकलली होती.

त्या संध्याकाळी, कुणी काही म्हणायच्या आत, मी तो प्रसंग स्वतःच्या हातानं काढून टाकला. दुःख झालं. खूप झालं. पण बटण दाबताना खात्री होती, आणि अशी खात्री मला लिहिताना क्वचितच असते. सुरुवातीला एकच वाक्य ठेवलं: "ही त्याच्या आईला द्यायची आहे." बाकीचं पादऱ्याच्या मुलीनं पायांत घालून ठेवलं होतं.

बाबांना नवा खेळ दाखवायला मला धीर होईना. त्यांनीच एका रविवारी विचारलं, "ती मुलगी म्हणाली, झालंय म्हणून. लाव की." लावला. पहिल्या पावलालाच ते "हां" म्हणाले. चढाच्या आधी वेग घेतला, उताराच्या आधी सोडला, पुलावर एकदाही पडले नाहीत. लांडग्याला ढाल उतरवून मारलं आणि परत येऊन ती अशी उचलली की जणू त्यात काही विशेष नाही. मला काही म्हणायला लावलं नाही. तासाभरानं गाव आलं. गल्लीच्या टोकाला घर होतं. दार उघडलं आणि म्हातारी बाहेर आली. तिला मी एक शब्दही दिला नव्हता. पडद्यावर खाली बटणाची खूण आली: ढाल खाली ठेवा.

बाबांनी ठेवली नाही.

मला वाटलं, चष्म्यातून खूण दिसली नसेल. "बाबा, खालचं बटण," मी म्हणाले.

"दिसतंय."

नायिका दारात उभी होती. श्वासाबरोबर तिचे खांदे वरखाली होत होते. म्हातारी वाट बघत होती. बाबांचा अंगठा बटणावर होता आणि ते टीव्हीकडे बघत होते, माझ्याकडे नाही. बाहेर भाजीवाला ओरडून गेला.

"मीही लगेच नव्हती ठेवली," बाबा म्हणाले. "ती म्हणत होती, आत ये, पाणी घे. मी पेटी डोक्यावर घेऊन तसाच उभा. खाली ठेवली की बोलावं लागलं असतं."

मग त्यांनी बटण दाबलं.