आपोआप फिरणारं चाक

माझा चुलतभाऊ विनू याच्या नव्या स्पीडबोटीचं चाक जीपीएसवर आपोआप फिरत होतं. विनू हात मांडीवर ठेवून निवांत बसला होता आणि त्याचे पाहुणे त्या चाकाचे फोटो काढत होते. मग त्यानं इंजिन बंद केलं. पाहुण्यांनी गळ टाकले. मी सहज किनाऱ्याकडे पाहिलं. देवळाचा कळस वाकड्या माडावर, दीपगृह डोंगराच्या खांद्यावर, दोन्ही खुणा बरोबर जुळल्या होत्या.

समुद्रातून या खुणा अशा जुळल्या, म्हणजे ही तर माझ्या वडिलांची मासळीची जागा! मला आणि विनूलाच त्यांनी ती दाखवली होती. "खुणा डोळ्यांत ठेवा, तोंडात नको," म्हणाले होते.

"विनू, ही जागा दाखवलीस यांना?"

"मी खंय कोणाक सांगितलंय? मशिनीत घातलंय फक्त."

गुपित फोडायलासुद्धा पूर्वी निदान विश्वासाचं माणूस शोधावं लागायचं. इथं एक बटण पुरलं. पाहुण्यांपैकी कुणीही किनाऱ्याकडे वळून बघितलं नाही. त्यांना गरजच नव्हती. मी मात्र पुन्हा पुन्हा त्या खुणा जुळवत राहिलो. हातभर तरी चूक निघावी, एवढंच वाटत होतं.

निघाली नाही.