मेंदी रंगते, चढत नाही

मंगळागौरीच्या वाती वळायला बसलेल्या कालिंदीबाईंनी कापूस अर्ध्यावरच टाकला आणि पायांत चपला सरकवल्या. सुनेच्या हाताची पट्टी बदलून त्या नुकत्याच आल्या होत्या. आता वात वळायला बोटं वळेनात.

ईशानीची ही पहिलीच मंगळागौर. चुलतबहिणीच्या साखरपुड्यासाठी तिनं काशीच्या मुन्शी घाटाजवळच्या गल्लीत काळी मेंदी काढून घेतली. वेलबुट्टी दृष्ट लागण्यासारखी, आणि घटकाभरात कोळशासारखी काळीभोर. हात चुरचुरायला लागला तेव्हा मेंदीवाला विश्वेश्वर म्हणाला होता, चढ़ रही है. पोरीनं ते खरं मानून सोसलं. दोनतीन दिवसांनी वेलीच्या पानापानावर पाण्याचे फोड आले, आणि सगळी नक्षी तापल्या सळईनं डागल्यासारखी कातडीवर उठून आली. डॉक्टरांनी पाहताक्षणी ओळखलं. केसांच्या कलपातलं रसायन त्या मेंदीत घालतात, ते कातडीसाठी नव्हेच. डाग राहतील कदाचित; आणि हिनं पुढं जन्मात कलप लावायचा नाही, लावला तर याहून वाईट होईल.

यजमानांचं, दिनानाथरावांचं, म्हणणं पडलं, बाजारातल्या माणसाच्या कशाला तोंडी लागायचं, बाबा विश्वनाथ बघून घेतील.

"ते बघतातच आहेत," कालिंदीबाई म्हणाल्या, "मी काय करते ते."

दुकानापुढच्या बाकावर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यांत ऋता आणि मुक्ता, मंगळवारी ईशानीबरोबर पूजेला बसणाऱ्या दोघी. ऋताचा हात विश्वेश्वरपुढच्या उशीवर, कोन टेकायच्या बेतात. कालिंदीबाईंनी तो हात मनगटाला धरून उचलला आणि सगळ्यांदेखत सुनेची हकीकत सांगितली.

विश्वेश्वर हसला. डब्यावर हर्बल छापलंय, गल्लीभर हीच मेंदी चालते, तुमच्या बहूचं कातडंच नाजूक असेल, त्याला मी काय करू, असं त्यानं चाची, चाची करत ऐकवलं. तेवढ्यात त्याची बायको आतून चहा घेऊन आली. कप ठेवताना तिचे तळवे दिसले. विटेसारखे लाल.

"हिला काळी नाही लावलीस?"

विश्वेश्वर कोनाचं टोक पुसत राहिला. बायको बिचारी सरळ. म्हणाली, "हम तो पत्ती पीसकर लगाते हैं, चाची. ये वाली घर में नहीं आती."

कालिंदीबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. चूक असती तर त्या दोन शब्द बोलून गिळूनही टाकत्या. पण याला ठाऊक होतं! घरच्या हातांना पाला, आणि लोकांच्या लेकीसुनांना ही घाण. आणि पुन्हा कपाळाला त्रिपुंड्र.

त्या ऋता-मुक्ताकडे वळल्या. "आपल्यात मेंदी रंगते गं, चढत नाही. चढतं ते विष. पाल्याची मेंदी आधी केशरी होते, मग लाल. घटकेत काळी होते ती मेंदीच नव्हे. आणि चुरचुरलं तर सोसायचं नसतं, उठून हात धुवायचा." मग तेच त्यांनी हिंदीतून बाकावरच्या बाकीच्यांना सांगितलं.

एकेक करत बाक रिकामा झाला. विश्वेश्वरचं हसू मावळलं. माझ्या एकट्याच्या मागे लागून काय होणार, तो कुरकुरला, पार राजा घाटापर्यंतच्या दुकानांत गंगेपलीकडच्या रामनगरचाच माल येतो, तिथला यज्ञेश्वर कोन भरतो.

"त्यालाही सांगते. तू आधी पाटी उतरव."

'दस मिनट में काली' लिहिलेली पाटी त्यानं उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. उद्या गंगेवरून येताना मी बघणार आहे, एवढं बजावून कालिंदीबाईंनी त्याच्या पुढ्यातला एक कोन उचलून पदरात बांधला. पोरींना ईशानीपाशी बसायला घरी पाठवलं, आणि त्यांच्याबरोबर निरोप दिनानाथरावांना नव्हे, ईशानीलाच दिला: आज तुझ्या आईला फोन लाव, उशीर होईल मला.

वाती राहू देत तशाच. कालिंदीबाई मोठ्या रस्त्यावर आल्या आणि पुलाकडे जाणारी रिक्षा त्यांनी थांबवली. रामनगरला जायचं होतं, यज्ञेश्वरच्या कारखान्यात.