मागच्या पंखांचा रंग

राखणीला ताठ उभं राहायचं सोडून मी खाली वाकलो. चूक एवढीच, पण ती पोंभुर्ण्याच्या जंगलात झाली, आणि तिथं वाघ फिरत होता.

वाकण्याचा हक्क खरं तर आमच्या शेजाऱ्यांचा. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यापासून या गृहस्थांनी माणसांकडे बघणंच सोडलंय. बघायचे ते पतंग, त्यातही वाघ-पतंग: ठिपक्या-पट्ट्यांचे, डिवचलं की पिवळा फेस काढणारे. त्यांचं स्वतंत्र कुळ मोडून शास्त्रज्ञांनी ते दुसऱ्या मोठ्या कुळात पोटशाखा म्हणून ढकललं, हे वाचलं त्या दिवशी शेजारी जेवले नाहीत. "मी माहेर सोडून आली तई दोन जिलेब्या जास्त खाल्ल्या होत्या यायनं," शेजारीणबाई म्हणाल्या.

जंगलात वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, असं वनरक्षक बजावतात. आणि पतंग बसणार बुंध्याशी! म्हणून बाईंनी अट घातली: हे वाकतील, तेव्हा मी काठी घेऊन ताठ उभं राहायचं, मोठमोठ्यानं बोलत राहायचं.

त्या सकाळी ऐनाच्या बुंध्याशी अंगठ्याएवढा वाघ-पतंग होता. जात ठरणार मागच्या पंखांवरून, लाल की पिवळे. आणि ते पुढच्या पंखांखाली झाकलेले. मी उभ्यानं आमच्या साहेबांना शिव्या देत होतो. हा विषय मला पुरतो.

"पंख उघडून राह्यला," शेजारी कुजबुजले.

मी गप्प झालो आणि वाकलो.

वर वानर खेकसलं. किडे थांबले. टेंभुर्णीमागं पाचोळा दबला. थांबला. पुन्हा दबला, अलीकडे.

"उभा राय, बाप्पा."

मी होतो तसाच वाकून राहिलो. शेजाऱ्यांनी एकदाच पतंगाकडे पाहिलं. मग काखेत हात घालून मला उचललं, माझ्यापुढे उभे राहिले आणि माझीच काठी घेऊन त्याच बुंध्यावर हाणत ओरडले. पाचोळा वाजत लांब गेला. पतंगही गेला.

"रंग पाह्यला काय तू?" झुडपावरची नजर न काढता त्यांनी विचारलं. आवाजात केवढी आशा!

मी डोळे मिटले होते.

ते रागावले नाहीत. वाटभर फक्त एकदा म्हणाले, "लालच असन." बाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं, माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, यायच्या राखणीले तुम्हाले धाडलं. आता तुमच्या राखणीले कोनाले धाडू?"