वाफेच्या जहाजाचे वाचक

माझी पहिली आणि शेवटची कादंबरी छापून आली, तेव्हा मी हिंगोलीजवळच्या एका बाजारगावात शिक्षिका होते. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. कादंबरी साहसाची होती. वाफेवर उडणारं लोखंडी जहाज, त्याचा हट्टी कप्तान, आणि पानोपानी जात्यावरच्या ओव्या, पोवाडे, बुद्धकथा यांचे लपवलेले संदर्भ. वाचणाऱ्यानं ते ओळखावेत, ही माझी हौस.

पत्रं आली. औरंगाबादच्या एका प्राध्यापकांनी सगळे संदर्भ पानांसह लिहून पाठवले. आमच्या हेडमास्तरांना त्यातला एकही दिसला नाही. "जहाज उडतं ते पोरांना आवडंल, बाई," एवढंच म्हणाले.

मग एका दुपारी जिनिंगचे बॉयलरवाले चाचा शाळेत आले. कापसाची यंत्रं ज्या वाफेवर चालत, ती वाफ निजामाच्या काळापासून तेच सांभाळत. त्यांना मराठी वाचता येत नसे. सून रोज थोडी थोडी कादंबरी वाचून दाखवायची.

ते बसले नाहीत. दारातूनच म्हणाले, "बाई, तुमचा कप्तान सेफ्टी वालवर लोखंड ठिवतो. जहाज जोरात पळावं म्हणून. हे तुमाला कोनं सांगितलं?"

"कुणीच नाही, चाचा. माझ्या मनानं लिहिलं."

"जादा वाफ त्या वालमधून निघून जाते, म्हणून मानूस जगतो. आमच्या शेठनं तिथं लोखंड ठिवलंय. बराबर तुमच्या कप्तानासारखं. गाड्यांची रांग लागली, मशीन थांबू नये म्हणतो. मी दोनदा काढलं, त्यानं दोनदा ठिवलं."

"पुढं पुस्तकात काय होतं, ते ऐकलंत का?"

"सुनेनं तिथंच वाचनं बंद केलं."

दुसऱ्या दिवशी चाचांनी काम सोडलं, आणि का सोडलं ते लपवलं नाही. आठवडी बाजारात जो तो कादंबरीबद्दल, तिच्यात शेवटी फुटणाऱ्या जहाजाबद्दल बोलू लागला. ज्यांनी ती हातातही धरली नव्हती, तेसुद्धा. साखऱ्याहून, पुसेगावहून कापूस घेऊन आलेले गाडीवान बैल सोडून लांब लिंबाखाली बसू लागले. बाया मला वाटेत अडवून विचारत, "बाई, कवा फुटंल ते बॉयलर?" जणू मला दिवस ठाऊक होता.

शेठनी मला बोलावलं. चहा दिला. आवाज अगदी मऊ. "पुस्तक छान आहे, बाई. पण लोक कामावर येऊन नाही राहिले. तुम्ही एकदा सांगा, ती नुसती गोष्ट आहे म्हणून. खोटं तर नाही ना त्यात?"

शाळा त्यांच्याच जागेत भरत होती. ते त्याबद्दल बोलले नाहीत. मीही नाही.

सकाळी जिनिंगच्या आवारात उभी राहून मी जमलेल्या बायामाणसांना सांगितलं, "जहाज, कप्तान, त्याचं फुटणं, सगळं माझ्या कल्पनेतलं आहे." शब्द न् शब्द खरा होता. वालबद्दल मी काहीच बोलले नाही. बाया हसल्या, पदर खोचून आत गेल्या. बॉयलरवर जवळा बाजार गावाकडचा नवा माणूस आला होता, नुकतंच लग्न झालेला. "मला बी द्या की वाचायला," तो म्हणाला. मी पुस्तक दिलं.

नवव्या दिवशी, मधल्या सुट्टीत, पायाखालची जमीन हादरली. थोड्या वेळानं शाळेच्या अंगणात कापूस पडू लागला, काही पुंजके जळके. तो माणूस जागीच गेला. दोन बाया भाजल्या, पण वाचल्या.

चाचा मला घेऊन फौजदाराकडे गेले. चाचांनी मला काय सांगितलं, शेठनी काय सांगायला लावलं आणि मी काय सांगितलं नाही, सगळं मी लिहून दिलं. चाचांनी खाली उर्दूत सही केली. शेठना अटक झाली, पुढं जामीन मिळाला. जिनिंग पुन्हा सुरू झालं नाही. शाळा मला सोडावी लागली.

ठाण्यातून परतताना मी म्हणाले, "लोक म्हणतात, माझ्या पुस्तकामुळं झालं."

"पुस्तकामुळं काहून होईल?" चाचा म्हणाले. "पुस्तकानं तर सांगितलं होतं. तुमी न्हाई सांगितलं."

ते रागानं बोलले नव्हते. मी गाव सोडेपर्यंत रोज मला सलाम करत राहिले. तो घेताना माझी मान वर होत नसे.