लोकरी मोजे

दादाच्या पावलांना मी शेवटचा हात लावला तेव्हा ती गारठलेली होती, आणि मुद्दाम गार ठेवलेली होती. दीड महिना झाला, तरी मला हे पचत नाही. माझा हा थोरला भाऊ थंडीला जन्माचा भ्यायलेला. ग्वाल्हेरची थंडी हाडात शिरते हे खरं, पण दादाचा मफलर दिवाळीतच निघायचा तो होळीनंतरही गळ्यात असायचा. खासगी बाजार या आमच्या पेठेतले दुकानदार त्यावरून रजया बाहेर काढतात, असं आम्ही चिडवायचो. "लू परवडली, पण ही ठंड नको गं, सुधा," तो म्हणायचा. आई लवकर गेली. शाळेत जाताना मला मोजे घालायचा तो दादाच. आधी पाऊल दोन्ही हातांत धरून चोळायचा, मग मोजा.

जानेवारीत त्याला हार्ट अटॅक आला. काही मिनिटं थांबलेलं हृदय डॉक्टरांनी पुन्हा सुरू केलं आणि त्याच्या अंगाभोवती गार पाणी फिरणारी गादी गुंडाळली. शरीर दिवसभर गार ठेवलं तर मेंदूची पुढची इजा टळू शकते, असं त्यांनी नीट समजावलं. मला समजलंही. तरी आत एकटी गेले, ती पावलं पाहिली... आणि पर्समधले, त्याच्यासाठीच विणलेले मोजे चढवून आले. अक्कल कुठे गहाण पडली होती कोण जाणे.

तासाभराने सिस्टर बाहेर आल्या. "ये मोज़े किसने पहनाए? मना किया था न?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "मैंने." सगळी बोलणी तिने खाल्ली.

चौथ्या दिवशी दादा गेला. माझ्यामुळे का, असं मी डॉक्टरांना विचारलं. "नहीं. दिल को चोट ही बहुत गहरी थी. मोज़ों से कुछ नहीं हुआ," ते म्हणाले. मला पटेना. तेरावं झाल्यावर वहिनीपुढे रडले. "माझ्यासाठी खोटं का बोललीस?"

"खोटं कुठे?" ती म्हणाली. "तुझ्यानंतर मी आत गेले होते ना. दिसले मला मोजे. काढायला हात पुढे केला... नाही काढवले गं."

मग तिने कपाटातून ते धुतलेले मोजे आणले. एक माझ्या हातात दिला, एक स्वतःकडे ठेवला. एकट्या मोज्याचा काही उपयोग नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे. माझा उशीखाली असतो. तिचा कुठे असतो, मी विचारलेलं नाही.