अकरा वर्षे उघडी राहिलेली नळी

प्रयोगशाळेत काच जितकी फुटते, त्याहून अधिक किस्से साचतात. कारण साधे आहे. फ्लास्क चार तास उकळत ठेवला की जागा सोडता येत नाही, आणि ज्योतीकडे पाहत बसलेला माणूस बोलू लागतो. पुढील चार हकीकतींपैकी पहिली व तिसरी माझ्यासमोर घडली. उरलेल्या दोन मला इमामभाईंनी सांगितल्या. तेव्हा सत्तरचे दशक संपत आले होते, माझ्या एम.एस्सी.ची एकच टर्म उरली होती, आणि तो शनिवार होता. वेळ दुपारी दोन ते सहा. इमामभाई म्हणजे आमच्या रसायनशास्त्र विभागात काचकाम करणारे, मंगळवार पेठेतले कारागीर.

*

पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून वाफ थंड करणारा काचेचा कंडेन्सर फुटला. तुकडे कागदात गोळा करून मी इमामभाईंसमोर उभा राहिलो.

“एवढं तोंड पाडाय काय झालं? सर हितं नवं लागलं तवा पयल्या आठवड्यात तीन फोडलं हुतं की!”

आमचे मार्गदर्शक सर नेमके मागून चालले होते. ते थांबलेसुद्धा नाहीत.

“चार,” सर म्हणाले. “चौथा तुम्हाला दाखवला नव्हता.”

*

विभागाची एक रीत होती. विद्यार्थ्याने तयार केलेला पदार्थ तोंडी परीक्षेनंतर इमामभाई काचेच्या बारीक नळीत भरत आणि ज्योतीवर तिचे तोंड वितळवून कायमचे बंद करत. नावाचे लेबल लावलेली नळी मग कपाटात जाई.

एकदा एका विद्यार्थ्याचे चुलते गावाहून ती पाहायला आले.

“दोन वर्सात एवढंच? चिमूटभर?”

“पावणं, ह्यो पदार्थ ह्येच्या आदी कुणी केल्याला न्हाय. पयला तुमच्या पुतण्यानं केलाय.”

चुलत्यांनी पटका सारखा केला. “मग द्या की! देवघरात ठिवतो.”

नळी देणे नियमात बसत नव्हते. तेव्हा त्यांनी खिशातल्या पुडीतला जोतिबाचा गुलाल बोटावर घेतला आणि तिथेच तिला लावला. लेबलाची एक कड अजून गुलाबी आहे. ती मी स्वतः पाहिली आहे.

*

शेवटच्या टर्मच्या आरंभी जयसिंगपूरच्या एका शाळेचे पत्र आले. विज्ञान शिक्षकाची जागा होती, बी.एस्सी. पुरेशी होती, मात्र सोमवारी रुजू व्हायचे होते.

शाहूपुरीत माझ्या खोलीत राहणारा सुरेश म्हणाला, “अरे, शाळेत शिकवायला मिळतंय की! राहिलेल्या एका टर्मनं असं काय मोठं होणार हाय?”

मी सरांकडे गेलो आणि पत्र पुढे केले. त्यांनी ते हातात घेतले नाही.

“मेल्टिंग पॉइंट किती आला?”

“एकशे चाळीस ते एकशे सेहेचाळीस, सर.”

“सहा अंशांचा फरक म्हणजे पदार्थ अजून शुद्ध नाही. आधी तो शुद्ध करा. मग नोकरीचं बोलू.”

*

म्हणून त्या शनिवारी मी फ्लास्कसमोर बसलो होतो, पत्र खिशात. कपाटात एक रिकामी जागा दिसली. तिथे पूर्वी काय होते, असे मी विचारले.

“तितं दिनकरची नळी हुती. उघड्या तोंडाची,” इमामभाई म्हणाले.

दिनकर हा आमच्या सरांचाच विद्यार्थी. एक महिना उरला असताना त्याला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. जाताना तो म्हणाला, “इमामभाई, म्हैन्यात येतो. नळीचं तोंड बंद करू नगा.” तो महिना अकरा वर्षांचा झाला. दर दिवाळीच्या सफाईत इमामभाई नळीच्या तोंडाचा कापूस तेवढा बदलत.

मग एका मे महिन्यात दिनकरराव आले. कानशिलावरचे केस पांढरे झालेले. कारखान्यात ते मोठ्या हुद्द्यावर होते. नियम बदलल्याने पदवी मिळणार नाही, असे सरांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले.

“ठावं हाय, सर. फकस्त टेबल द्या.”

आठ दिवस रजा काढून ते त्याच टेबलावर बसले. इमामभाईंच्या सांगण्यानुसार त्या दिवसांत दिनकररावांची काचेची भांडी सर स्वतः धूत होते! शेवटी मेल्टिंग पॉइंटमधला फरक एका अंशाच्या आत आला. दिनकररावांनी तो आकडा लेबलावर लिहिला, आणि इमामभाईंनी ज्योत लावली.

“दोनदा ज्योत धरावी लागली मला,” इमामभाई म्हणाले. “एवढ्या वर्सात पयल्यांदा.”

बंद केलेली नळी मात्र कपाटात परत गेली नाही. ती सरांच्या टेबलाच्या खणात असते.

सहा वाजता मी सरांना गाठले. दिनकरराव खरोखर आठ दिवस इथे बसले होते का, आणि त्यांची भांडी कोण धूत होते, असे दोन्ही विचारले.

“आठ नव्हे,” सर म्हणाले. “नऊ.”

शाळेला नकार कळवणारे पत्र मी त्याच संध्याकाळी टपालपेटीत टाकले. भांडी कोणी धुतली, याची खात्री मला कधीच करून घेता आली नाही.