दोन हाका

बाबांनी माझी पत्र्याची पेटी स्वतःच्या सायकलच्या कॅरिअरवर जुन्या ट्यूबने करकचून बांधली, हलवून पाहिली आणि म्हणाले, "आता हे भद्रावतीलेच उतरंन." बाहेर इतकी धुई होती की समोरचं घरही दिसत नव्हतं. माय कंदील घेऊन दारात उभी होती. तिने माझ्या डोक्याला मफलर गुंडाळला, कानांवरून दोनदा फिरवला आणि हनुवटीखाली गाठ मारली.

"कान उघडे ठेव त्याचे," बाबा म्हणाले. "जंगलात कान झाकून जात नाईत."

"तुमच्या जंगलाले काय होते? थंडी माया लेकराले बाधते. पह्यल्याच दिवशी कारखान्यात खोकलत बसंन का तो?"

बाबा हसले. असं आम्ही निघालो. तुम्ही जे गावात राहिलात, आणि माझ्यासारखे जे पेटी बांधून निघून गेलात, त्या दोघांनाही मी हे लिहितो आहे. माझ्याबद्दल तुम्हाला जे माहीत आहे, त्यातली एक गोष्ट खोटी आहे.

ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला होता, पण आमच्या गावाला त्याचंही काही नव्हतं आणि चंद्रपूरचंही. एसटी सावली गावाहून मिळायची, आणि सावलीपर्यंत मधे जंगल. त्या दिवशी दुपारपर्यंत मला भद्रावतीला कामावर हजर व्हायचं होतं. सकाळची गाडी चुकली असती तर नोकरी माझ्या मागच्या नंबरच्या मुलाला गेली असती. आमच्या घरात तोपर्यंत कोणालाही पगार मिळाला नव्हता.

बाबा सायकलवर कापड विकत. लुगडी, टॉवेल, थंडीच्या चादरी. हिवाळा हाच त्यांचा हंगाम. धान निघालं की लोक कापडाच्या बदल्यात धान देत, आणि जाताना गठ्ठ्याने लादलेली सायकल येताना पोत्याने लादलेली असे. वैनगंगेच्या अलीकडची-पलीकडची सगळी गावं त्यांच्या पायाखालची. हिवाळ्यात सायकल कशी चालवायची, हे मला त्यांनीच शिकवलं. दवाने रिम ओली होते आणि ब्रेकचे रबर नुसते घसरतात, म्हणून उतार यायच्या आधीच ब्रेक थोडा थोडा दाबून रिम पुसून घ्यायची. बोटं बधिर झाली की दाबलं की नाही तेच कळत नाही, म्हणून एक-एक हात काखेत धरून गरम करायचा. डायनामो ओल्या टायरवर नुसताच फिरतो, दिव्याचा भरवसा धरायचा नाही. आणि गवत दवाने ओलं असलं की जनावरसुद्धा रस्त्यानेच चालतं. त्यालाही पाय ओले करायला आवडत नाहीत.

पण सगळ्यात वाईट म्हणजे चाकोरी. पावसाळ्यात बैलगाड्यांच्या चाकांनी चिखलात खोल घळ पडते आणि हिवाळ्यात ती दगडासारखी वाळते. सायकलचं पुढचं चाक एकदा तिच्यात गेलं की हँडल वळत नाही. माणूस आडवाच होतो.

आणि त्यांचा एक नियम होता. जंगलात मागून नावाने हाक आली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. थांबायचं, पण बोलायचं नाही. खरा माणूस असेल तर तिसरी हाक देतोच. चकवा तिसरी देत नाही. मी आयटीआय शिकत होतो. मी त्यांना चिडवत असे.

"बाबा, आपन तं बौद्ध. भूतखेत मानत नाई. मंग हे काऊन?"

"म्या कुठी मानतो? पन म्या काय मानतो ते जंगलाले ठाऊक हाये का?"

म्हणून जंगलात आम्ही एकमेकांना हाक मारतच नसू. घंटी वाजवत असू. पुढच्याने एकदा वाजवायची, मागच्याने एकदा. त्यामुळे अस्वलालाही कळतं की माणूस येतोय, ते बाजूला होतं.

त्या पहाटे मी पुढे होतो, कारण चालू डायनामो माझ्या सायकलला होता. ती सायकल मामाची, सावलीच्या एका दुकानात ठेवायची होती. बाबा पेटी घेऊन मागे. सागाच्या पानांवरून दव टपटपत होतं, कोणी अनवाणी चालत यावं तसं. मी घंटी वाजवायचो, मागून बाबांची यायची. मफलर जाड होता, पण घंटी ऐकू येत होती. हे मुद्दाम लिहितो. ऐकू येत होती.

नाल्याच्या उतारावर माझी सायकल घसरता घसरता राहिली. खाली पोचल्यावर मी घंटी वाजवली. मागून काही आलं नाही. परत वाजवली. मग आवाज आला.

"परभाकर!"

मी पाय टेकला. धुईत आवाज कुठून येतो ते कळत नाही, तो सगळीकडूनच आल्यासारखा वाटतो.

"परभाकर रे!"

मी तिसऱ्या हाकेची वाट पाहिली. ती आली नाही. मी पायडलवर पाय ठेवला आणि निघालो.

भीती वाटली होती का? वाटली होती. पण तो आवाज बाबांचा होता हे मला ठाऊक होतं. तो 'रे' त्यांच्याशिवाय कोणाचा नव्हता, शेवटी किंचित वर जाणारा. मला हेही ठाऊक होतं की मागे वळलो तर गाडी जाईल. आणि ज्या नियमाला मी वर्षानुवर्षं हसत आलो होतो, तो त्या क्षणी मला आयता सापडला. तिसरी हाक नाही, म्हणजे माणूस नाही. एवढं मनाशी म्हणत मी सावली गाठली.

गाडी सुरू होती. मी दारात उभा राहून रस्त्याकडे पाहत होतो. कंडक्टर खेकसला, "चढतं का नाई बे? गाडी तुया बापाची हाये का थांबवून ठेवाले?" लोक हसले. मी टपरीवाल्याला म्हणालो, "भाऊ, माये बाबा येतीन, पेटी मागच्या गाडीत टाका म्हनावं." तो म्हणाला, "सांगतो ना, जा तू." मी चढलो. कागद माझ्या खिशात होते. पेटी नव्हती. पेटीशिवाय घर सोडणारा मुलगा आपला बाप मागे राहिला आहे हे जाणूनच सोडतो. यावर मला आजवर दुसरं काही सुचलेलं नाही.

भद्रावतीला मी वेळेत हजर झालो.

बाबांचं पुढचं चाक त्या उतारावर चाकोरीत गेलं होतं. ते एका बाजूला पडले आणि पेटी मांडीवर आली. ऊन वर आल्यावर गिरणीला धान नेणाऱ्या गाडीवाल्याने त्यांना उचललं. थंडीने त्यांना बोलता येत नव्हतं. पाय शेजारच्या गावातल्या एका हाड बसवणाऱ्याकडून बसवून घेतला. तो वाकडाच बसला. हे सगळं मला आमच्या गावच्या, खाणीत काम करणाऱ्या एका माणसाने खोलीवर येऊन सांगितलं. नवीन माणसाला सुट्टी कुठली? मी घरी गेलो तेव्हा बाबा खाटेवर होते, आणि बघायला आलेल्या बायामाणसांनी घर भरलं होतं.

कोणीतरी सरळ विचारलं, "अन तुले आवाज नाई आला का बे?"

मी म्हणालो, "कानाले मफलर होता ना."

माय सुपात तांदूळ पाखडत होती. तिचा हात थांबला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर छपराच्या कवेलूंकडे, आणि म्हणाले, "धुई बी लय होती."

दुपारी घर रिकामं झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "तिसरी हाक तोंडात आली होती," ते म्हणाले. "मंग म्हटलं, जाऊ दे. गाडी चुकंन पोराची." मी उठून आवारात गेलो. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही आणि त्याबद्दल पुन्हा माझ्याशीही बोलले नाहीत. ते दशक सरायच्या आत ते गेले. ते सायकलवर शेवटचे बसले ते मी निघालो त्याच दिवशी.

मला कॉलनीत क्वार्टर मिळालं. घराला रंग, नळाला पाणी, दाराशी डांबरी रस्ता. भोंगा वाजला की धुईतून शेकडो सायकली फाटकाकडे निघत, एकामागे एक, घंट्या वाजवत. त्या रस्त्याला चाकोरी नव्हती, जनावर नव्हतं, उतारसुद्धा नव्हता. तरी मागून कोणी कोणालाही हाक मारली की माझे दोन्ही ब्रेक दाबले जात. दुसऱ्याच्या नावाच्या हाकेलाही मी ओ देऊन बसे. शिफ्टमधले लोक चेष्टा करत, "परभाकरले पुकारावं नाई लागत, नुसतं खाकरलं तरी येते." मी हसायचो. सोबत्यांना वाटे, मोठा तत्पर माणूस आहे.

गावात तेव्हा माय दुसऱ्यांच्या बांधात धानाच्या रोवणीला जात होती. आणि गल्लीत कोणाला मूल झालं की जाऊन सांगायची, "बाई, लेकराचे कान झाकू नोको थंडीत. म्या झाकले अन मालकाचा पाय गेला." बाया आधी ऐकून घ्यायच्या. पुढे पुढे थट्टा करू लागल्या. "अवं माय, तुया परभाकर आता फटफटीवर हेल्मेट घालून फिरते म्हनते, त्याचे तं कानच काय, डोकंबी झाकलं!" ती हसायची नाही. मी दर सुट्टीत हे ऐकत होतो. माझ्या मफलरच्या एका वाक्यावर तिने स्वतःला दोषी ठरवलं होतं, आणि मी तिला चादर, साखर, गोळ्या सगळं नेऊन देत होतो. ते एक वाक्य तेवढं परत घेत नव्हतो. आधी बाबा होते म्हणून. मग बाबा नव्हते म्हणून. मग इतकी वर्षं झाली म्हणून.

म्हातारपणी तिला मी भद्रावतीला आणलं. हिटर घेतला, उन्हात बसायला खुर्ची. मागच्या हिवाळ्यात माझा मुलगा कानटोपी घालून बाहेर निघाला आणि तिने त्याची बाही धरली. "कान झाकू नोको बापू." तो म्हणाला, "आजी, तुझं काहीतरीच असतं." ती म्हणाली, "म्या झाकले होते तुया बापाचे."

तो गेला. ती पुन्हा लाखोरीची डाळ निवडायला बसली. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं. घंटी ऐकू येत होती ते सांगितलं, दोन्ही हाका सांगितल्या, तो 'रे' सांगितला. एसटीत चढल्याचं सांगितलं. बाबांना ठाऊक होतं तेही.

ती डाळ निवडत राहिली. खडा सापडला की बाजूला ठेवत होती. ताट पूर्ण झाल्यावर म्हणाली, "मंग म्या एवढे साल कोनाचं वझं वाह्यलं?"

मी म्हणालो, "माय, माफ कर."

"ते त्याईले मागाचं होतं. माया जवळ काय मागतं? माये दिवस तं गेले." मग ताट बाजूला सारून म्हणाली, "मले गावाले नेऊन दे."

ती रागावलेली नव्हती. आवाज चढला नाही, रडली नाही. तिच्या जागी मी असतो तर काहीतरी फेकलं असतं. तिने लुगड्यांचं गाठोडं बांधलं. मी तिला गावी, माझ्या बहिणीकडे, शालूकडे सोडून आलो. सावलीहून आता रस्ता पक्का आहे. नाल्यावर पूल आहे. गाडीतून तो उतार कुठे होता ते ओळखूही येत नाही. मी शोधत होतो. माय खिडकीतून बाहेर पाहत होती, तीही बहुतेक तेच शोधत होती.

तिच्यासाठी ठेवलेली खोली रिकामी आहे. शालूला विचारलं की सांगते, बरी आहे, जेवते, उन्हात बसते. बायांना कानांचं आता काही सांगत नाही. मला हे ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटत नाही. तिच्याकडे निदान ते एक काम होतं, लोकांची लेकरं सांभाळायचं. तेही मी काढून घेतलं.

या हिवाळ्यात मी एकटाच गेलो. अंगणात पोचलो तेव्हा माय उन्हाला पाठ करून बसली होती. तिने मान वर केली, मला ओळखलं आणि पदर सावरला.

"बसा," ती म्हणाली. "च्या घेता?"

मी मागे वळून पाहिलं, माझ्याबरोबर आणखी कोण आलं आहे म्हणून. कोणीही नव्हतं. जन्मल्यापासून मी तिच्यासाठी 'तू' होतो. रागातही, लोकांसमोरही, मी आजोबा होण्याच्या वयाला आलो तरीही. शालूच्याही ते लक्षात आलं, ती घाईने आत गेली. मी चटईवर बसलो, चहा घेतला आणि कप तिथेच ठेवला, पाहुण्याने ठेवावा तसा. माय धानाचं बोलली, थंडीचं बोलली, सुनेची चौकशी केली. सगळं नीट, आदराने.

तुम्ही बाहेर गेलेले लोक मला विचारता, आता घर म्हणजे तुझ्यासाठी काय, गाव की भद्रावती? मी एवढंच सांगू शकतो. निघताना मी तिच्या पाया पडलो आणि "येतो माय" म्हणालो. ती 'ये' म्हणेल म्हणून वाकलेलाच राहिलो.

तिने हात जोडले आणि म्हणाली, "या."